कवेलू फेरताना

मृग चार दिवसांवर आला की पूर्वी पुसदच्या गल्ल्यांत घराघरावर माणसं चढलेली दिसायची. ते कवेलू, म्हणजे घरावरची मातीची कौलं, फेरायचे दिवस. वर्षभरात माकडांनी उड्या मारून फोडलेले, वाऱ्यानं सरकलेले कवेलू ओळीनं उतरवायचे, चांगले आणि फुटके वेगळे करायचे, खालच्या तुऱ्हाट्या झटकायच्या, आणि पुन्हा एकावर एक लावत आढ्यापर्यंत जायचं. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, मला अंगणात बसवून एकेक कवेलू हातात द्यायचे. "पेरानं वाजवून पाय," म्हणायचे. शाबूत कवेलू खण्णकन् वाजतो. बारीक चीर गेलेली असली तर ती डोळ्याला दिसत नाही, पण आवाज बसका येतो. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. त्या अंगणात शिकलेलं ऐकणं गेल्या जेठात, साठी उलटल्यावर, पुन्हा कामी आलं.

गेल्या जेठात आम्ही अकरा जणांनी माहूरच्या जुन्या पायवाटेवरची एक ओवरी पुन्हा उभी केली. टेकडीच्या खांद्यावर, सागाच्या जंगलाला लागून. तीन बाजूंना दगडमातीच्या भिंती, चौथी बाजू वाटेकडे उघडी, समोर सागाचे चार खांब आणि त्यांवर उतरतं छप्पर. बारा-पंधरा माणसं पाय पोटाशी घेऊन झोपतील एवढीच जागा. आसपासच्या गावांत तिला कोणी धरमशाळा म्हणतं, कोणी नुसतं 'छप्पर'. बांधणाऱ्याचं नाव कुठल्याही दगडावर नाही.

मला ही जागा प्रत्यक्ष दिसली नंतर. तिची गोष्ट मात्र त्याआधीच ऐकली होती.

आजी लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्षी सासूबरोबर पायी माहूरला गेली. घरातला नवस होता. पुसदहून पहाटे निघायचं, महागावकडच्या अंगानं चालत दोन मुक्काम करायचे आणि धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडायची. तेव्हा ती नुसती नदी नव्हती. अलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल; पलीकडे निजामाचं राज्य, ज्याला आमच्याकडची माणसं मोगलाई म्हणत. पलीकडे करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. आपला कलदार रुपया अलीकडचा, तिकडे हाली सिक्का. आजी सांगायची, सासूनं लुगड्याच्या ओच्यात बांधलेले पैसे नदीवर सोडले, मोजले, अर्धे बदलून घेतले. "देवी एकच, बाई, पण तिच्या दारी जाले दोन राजे लागत," हे तिचं ठरलेलं वाक्य.

हे सगळं सांगताना तिचा आवाज सरळ चाले. ओवरीपाशी आली की मंद होई. ते आश्विनाचे दिवस होते, परतीच्या पावसानं दुपारीच गाठलं. पायवाटेवर चिखल, सागाच्या रुंद पानांवर थेंबांचा तडतडाट, आणि दिवस कलल्यावर अस्वलाची भीती. धावतपळत सगळ्या बाया ओवरीत शिरल्या तर तिथे आधीच माणसं होती. एक कासार आपली बांगड्यांची पेटी उराशी धरून बसलेला. दत्तशिखराकडे निघालेला एक गोसावी. एक बंजारा कुटुंब, त्यातली बाई पोटुशी. आणि अगदी कडेला, उघड्या बाजूच्या खांबाशी, एक नवरा-बायको. त्यांना आत या असं कोणी म्हटलं नव्हतं आणि ते न विचारता आत सरकले नव्हते. कोण जातीचे, हे आजी सांगत नसे. सांगावं लागत नव्हतं.

आजीच्या सासूनं चूल मांडली आणि चुलीभोवती राखेची रेघ ओढली. आपला स्वयंपाक, आपलं सोवळं. रात्री वारा फिरला. पाऊस उघड्या बाजूनं थेट आत येऊ लागला. खांबाशी बसलेली दोघं चिंब झाली, तरी जागची हलली नाहीत. मग त्या पोटुश्या बंजारा बाईनं उठून त्या बाईचा हात धरला आणि तिला मागच्या भिंतीशी ओढून आणलं. त्यामागे सगळेच सरकले. पंधरा माणसं एका भिंतीला चिकटली. सकाळी उठून पाहिलं तर राखेची रेघ पायांनी पार पुसून गेलेली. "सासूबाईंनी थे पायली," आजी म्हणायची, "अन् पुन्हा ओढली नाई. बोलल्या काई नाई. फक्त ओढली नाई."

आजीनं या गोष्टीला कधी तात्पर्य जोडलं नाही. सकाळी ज्यानं त्यानं आपली भाकर सोडली, आपली वाट धरली. गावात परतल्यावर विहिरी वेगळ्याच राहिल्या. पण आजी जन्मभर ज्या ज्या वेळी ही गोष्ट सांगे, त्या त्या वेळी त्या रेघेपाशी थांबे. मला वाटतं, एका रात्रीपुरतं का होईना, जग वेगळं असू शकतं हे तिनं तिथे पाहिलं होतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला ते पाहायला एक छप्पर मिळालं होतं.

ओवरीत पाळायचा एक नेमही तिनं मला शिकवला होता. निघताना चूल विझवायची, राख बाहेर टाकायची, आणि आपण जेवढं सरपण जाळलं तेवढं गोळा करून कोपऱ्यात रचून ठेवायचं. वर एक काडी जास्त. "येणारा वला होऊन येते, त्याले रातच्याला लाकडं कुठून भेटन? आपल्यासाठी कोणी ठेवली होती ना?" ती जास्तीची एक काडी मला लहानपणी उगाच वाटायची. आता वाटते, सगळा हिशेब त्या काडीचाच आहे.

माहूरच्या देवीची कथाच मुळात एका वाटसरूची आहे. परशुरामानं कावडीच्या एका बाजूला पिता जमदग्नींचं कलेवर ठेवलं, दुसऱ्या बाजूला आई रेणुकेला बसवलं आणि कोरी भूमी शोधत तो चालत राहिला. माहूरला दत्तात्रेयांनी जागा दाखवली. तिथे अंत्यसंस्कार झाले, रेणुका सती गेली. पुढे आईच्या आठवणीनं तो व्याकूळ झाला तेव्हा आकाशवाणी झाली : आई जमिनीतून प्रकट होईल, तू मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. वळून पाहिलं तेव्हा नुसतं मुख वर आलं होतं. म्हणून गडावर देवीचा तांदळा पुजतात. नारळी पौर्णिमेला माहूरच्या डोंगराची परिक्रमा होते, तेव्हा आजही लाखो पावलं त्या रानातून चालतात. खांद्यावर ओझं घेऊन चालणारा आणि 'इथे उतरव' म्हणणारी जागा, एवढ्या दोन गोष्टींवर ते सगळं क्षेत्र उभं आहे.

आबाजींची गोष्ट वेगळी होती. त्यात देव नव्हता, गवत होतं.

ओवरीवर कवेलू फार नंतर आले. आधी तिचं छप्पर गवताचं होतं, आणि गवताचं छप्पर म्हणजे दर वर्षी नवं गवत. ते यायचं जंगलातून. जंगल सरकारनं राखीव केलेलं. गुरं चारायची तर परवाना, पेंढी कापायची तर परवाना, नाही तर नाकेदार गुरं कोंडवाड्यात घाली आणि दंड वसूल करी. १९३० साली देशभर मिठाचा कायदा मोडला जात होता, पण समुद्र आमच्यापासून शेकडो कोस लांब. आमच्या रानात मीठ नव्हतं, गवत होतं. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. त्यांना अटक झाली, शिक्षा झाली, आणि त्यानंतर विदर्भात ठिकठिकाणी विळे निघाले. आबाजी तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे होते, त्या गर्दीत होते. ते सांगत, "गवत कापाले एवढी मानसं? आमाले आधी समजलंच नाई. मंग इया चालला, तवा समजलं का आपल्याच रानातलं गवत हाये हे."

त्याच्याही आधीपासून ओवरीचं गवत कसं येई, ते आबाजींनी मला सांगितलं होतं. आसपासच्या वाड्या-तांड्यांनी ठरवून घेतलं होतं : एका घरची एक पेंढी. कोणी दोन आणायच्या नाहीत. बाया सरपणाच्या मोळीत घालून एकेक पेंढी आणत आणि ओवरीत टाकून जात. एवढीशी पेंढी, नाकेदारानं धरावी तरी कशी? चाळीस घरांच्या चाळीस पेंढ्या जमल्या की एका दिवसात छप्पर शाकारून होई. सत्याग्रहाचा इतिहास पुस्तकात आला, त्यात अण्यांचं नाव आलं, ते यायलाच हवं. पण सत्याग्रहाला जी माणसं जमली ती अशी आधीच तयार झालेली होती, हे मला त्या पेंढीवरून कळलं. कायदा मोडण्यापूर्वी कितीतरी वर्षं ती एकमेकांसाठी गवत कापत होती.

तिसरी गोष्ट मला शेजारच्या तांड्यावरच्या एका वृद्ध नायकबाबांनी सांगितली. ओवरीच्या कामासाठी माणसं जमवत मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते बाजेवर बसले होते. "छप्पर नंतर झालं, बेटी. पयले तिथं आमचा मुक्काम होता," ते म्हणाले. बंजाऱ्यांची लदेणी त्या वाटेनं जाई. बैलांच्या पाठीवर धान्याच्या, मिठाच्या गोणी लादून तांडा चरत चरत चाले, कारण घाई केली तर बैल मरतो. मुक्कामाला गोणी उतरवून त्यांचीच गोल भिंत रचत, आत बायका-पोरं, बाहेर कुत्री. सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच प्रवासी हिंदुस्थानात फिरला, त्यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. एवढे बैल जातात तिथे पाणी लागतं, आणि जिथे पाणी होतं तिथे मुक्काम ठरला, मुक्कामावर पुढे ओवरी आली. ओवरीमागची छोटी विहीर नायकबाबांच्या मते ओवरीहून जुनी आहे.

मग रेल्वे आली. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोहोचली आणि बैलाच्या पाठीवरचा व्यापार हळूहळू संपला. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी कितीतरी फिरत्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि जी माणसं शतकानुशतकं देशाचं मीठ वाहत होती त्यांच्यातल्या अनेकांना पोलिसांत हजेरी लावावी लागली. तो शिक्का १९५२ साली पुसला गेला. तोवर तांडे जागच्या जागी रुजले होते. आमच्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीत १ जुलै १९१३ ला वसंतराव नाईक जन्मले आणि तांड्यावरचा तो मुलगा १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला, हे नायकबाबा अजून कालची बातमी सांगावी तसं सांगतात. मी त्यांना आजीच्या गोष्टीतल्या पोटुश्या बाईबद्दल सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोनाची तरी याडी असन." याडी म्हणजे आई. दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन नातू पहार आणि टोपली घेऊन ओवरीवर हजर होते.

पुसदला आज रेल्वे नाही. वर्ध्याहून यवतमाळ-पुसदमार्गे नांदेडला जाणाऱ्या मार्गाचं काम चालू आहे. म्हणूनच कदाचित आमच्याकडे पायवाटा जास्त वर्षं जगल्या. नंतर एसटी आली, नदीवर पूल झाला, माहूर दीड-दोन तासांवर आलं. बाहत्तरच्या दुष्काळात ओवरीला शेवटची मोठी वर्दळ झाली. रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी माणसं दुपारी तिथे पडत, सुकडी खात, लाल मिलोची भाकर खात. मी तेव्हा शाळेत जात होते, आबाजींबरोबर एकदा तिथून गेले, आणि तेव्हा पहिल्यांदा आजीच्या गोष्टीतली जागा डोळ्यांनी पाहिली. मला वाटलं होतं त्याहून ती कितीतरी लहान होती.

वऱ्हाडातल्या माणसाला धर्मशाळा म्हटली की गाडगेबाबा आठवतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई, जिथे गरीब माणूस रस्त्यावर झोपताना दिसला तिथे त्यांनी छप्पर उभं केलं, आणि स्वतः त्यात राहिले नाहीत. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा का बांधावी लागली, हे आजीच्या त्या राखेच्या रेघेवरून मला समजतं. ज्यांना इतर धर्मशाळांत ओसरीवरही जागा नव्हती त्यांच्यासाठी ती होती. १९४९ साली बाबांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. आमची ओवरी गाडगेबाबांनी बांधलेली नाही. पण बाबा खराटा घेऊन आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत, तो क्रम आम्ही कामाच्या पहिल्या दिवशी पाळला. पहिला दिवस फक्त झाडण्यात गेला. वटवाघळांची घाण, दारूच्या बाटल्या, प्लॅस्टिक, पडलेल्या मातीचा ढीग. कोणी भाषण केलं नाही.

ओवरीचं जे नुकसान झालं होतं त्यात एक चूक आमच्याच गावच्या माणसांची होती, आणि तीही चांगल्या हेतूनं केलेली. वीसेक वर्षांपूर्वी काही भाविकांनी वर्गणी काढून जोत्यावर सिमेंटचा कोबा केला, खांबांच्या बुडाशी सिमेंटचा जाड थर दिला. मजबुतीसाठी. जुन्या माणसांनी खांब जमिनीत पुरले नव्हते, घडीव दगडाच्या उथाळ्यावर उभे केले होते, म्हणजे पाणी निथळून जावं आणि लाकडाला वारा लागावा. सिमेंटनं ती फट बुजली. पावसाचं पाणी खांबाच्या बुडात मुरलं, बाहेर पडेना. माती ओल घेते तशी सोडतेही. सिमेंट ती कोंडून ठेवतं. चारांपैकी दोन खांब बुडाशी कुजले, उधईनं वाट धरली, आणि एका पावसाळ्यात समोरची तुळई वाकली. कवेलू घसरून फुटले. तुळई वाकली तेव्हा कोणाला घाई नव्हती, कारण तिथे कोणी झोपत नव्हतं.

आमच्यात एक सुतारकाका होते, पंचाहत्तरीचे. त्यांनी पहिल्या दिवशी कुठलंही हत्यार काढलं नाही. हातोडीच्या दांड्यानं प्रत्येक खांब खालपासून वरपर्यंत वाजवत गेले, कान लावून. मला आबाजींचं अंगण आठवलं. "हा जित्ता हाये, बाई," एका खांबावर हात ठेवून म्हणाले. वरचं पांढरं लाकूड भुगा झालं होतं. त्यांनी वाकसानं ते सोलून काढलं तेव्हा आतून मधासारख्या रंगाचा, तेलकट वासाचा गाभा निघाला, जणू काल कापलेला. सागाच्या गाभ्याला उधई सहसा तोंड लावत नाही. तो खांब किती पावसाळे उभा होता कोण जाणे, पण त्याचा वास जंगलाचा होता.

कुजलेल्या दोन खांबांचं काय करायचं? जंगलातून साग उचलता येत नाही, आणि येऊ नये. शंभर पावलांवर उभा असलेला साग आम्ही हात न लावता बघत होतो. लाकूड शेवटी गावातूनच आलं. हल्ली जुनी घरं पाडून स्लॅब टाकतात, सागाचे खांब जाळायला किंवा भंगारात जातात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं आपल्या आजोळच्या घराचा खांब दिला. दुसरा आला एका विधवा बाईकडून. तिनं तो पंधरा वर्षं गोठ्यात जपून ठेवला होता. देताना तिनं एकच विचारलं, "उभाच कराल ना? आडवा नका घालू, हा आमच्या देवघराचा खांब हाये." सुतारकाकांनी तो उघड्या बाजूला, वाटेकडून येणाऱ्याला पहिला दिसेल असा उभा केला. माथ्याला खाच, तुळईला दात, खिळा एकही नाही. खालचं सिमेंट मुलांनी छिन्नीनं आठ दिवस फोडलं आणि उथाळे पुन्हा मोकळे केले.

कवेलूंची अडचण मोठी होती. आता कुंभारही कवेलू घालत नाहीत, कारण कोणी घेत नाही. घरांवर टिनं आली. मग पाडलेल्या घरांतून दोन हजारांवर कवेलू गोळा केले. ट्रॅक्टर टेकडीच्या पायथ्यापर्यंतच जातो, तिथून वर हातोहात. मी सावलीत बसून एकेक कवेलू वाजवत होते : हा वर, हा बाजूला. हातानं घडवलेल्या कवेलूवर ओल्या मातीत फिरलेल्या बोटांच्या रेघा असतात. कुठे मोठी बोटं, कुठे बारीक. एका कवेलूवर तर लहान मुलाची तीन बोटं उमटलेली होती, आईच्या कामात मध्येच हात घालणाऱ्या पोराची असावीत. तो मी वाजवला. खण्णकन् वाजला. तो आढ्याजवळ लावायला सांगितला. पोरं एकावर एक कवेलू लावत वर सरकत होती, आणि खाली मी त्यांना राखेची रेघ, एका घरची एक पेंढी, गोणींची गोल भिंत अशा गोष्टी सांगत होते. आबाजींनी गोष्टी मला नेमक्या याच दिवसांत का सांगितल्या ते मला तेव्हा उमगलं. हात कामात असले की कान मोकळे असतात.

माझा भाचा शिकायला स्कॉटलंडला होता. त्यानं फोनवर फोटो पाहिले आणि म्हणाला, "मावशी, इकडे पण हेच करतात." तिथल्या ओसाड डोंगरांत मेंढपाळांची जुनी दगडी घरं आहेत, त्यांना बॉथी म्हणतात. १९६५ साली डोंगरांत भटकणाऱ्या काही माणसांनी एक संस्था काढली आणि अशी पडकी घरं दुरुस्त करायला घेतली. आज शंभराच्या आसपास घरं ती सांभाळते. बहुतेक घरं दुसऱ्यांच्याच मालकीची, काम करणारे सगळे स्वयंसेवक. दाराला कुलूप नाही, भाडं नाही. भाचा एका सुट्टीत पाठीवर सामान घेऊन तिथे कामाला गेला होता. "निघताना सुकी लाकडं ठेवून यायची, असा तिथला नेम आहे," तो म्हणाला. मी त्याला आजीची काडी सांगितली. फोनवर तो जरा वेळ गप्प झाला. अमेरिकेत ॲपलाचियन डोंगररांगेतून साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट जाते. तिची कल्पना १९२१ मध्ये निघाली, १९३७ मध्ये ती पुरी झाली, आणि तिच्यावरची कितीतरी लाकडी छपरं आमच्या ओवरीसारखीच आहेत : तीन भिंती, चौथी बाजू उघडी. तीही तिथल्या मंडळांतले स्वयंसेवकच दुरुस्त करतात. आपल्याकडे गडांना सागवानी दरवाजे बसवणारी सह्याद्री प्रतिष्ठानची मुलं, गाळानं भरलेल्या बारवा उपसून महाशिवरात्रीला त्यात दिवे लावणारे महाराष्ट्र बारव मोहिमेचे लोक, सगळे एकाच घरचे वाटतात. दुसऱ्यानं बांधलेलं, तिसऱ्यासाठी राखणारे.

बांधणाऱ्याचं नाव लागतं, कधी दगडावर, कधी गोष्टीत. कवेलू फेरणाऱ्याचं कुठेच लागत नाही. तरी छप्पर टिकतं ते त्याच्यामुळे. आजी, आबाजी, नायकबाबा यांनी मला सांगितलेल्या गोष्टीही अशाच त्यांच्या आधीच्यांकडून आल्या होत्या. त्यांनी त्या उतरवून, वाजवून, फुटका भाग काढून पुन्हा लावल्या होत्या. मीही इथे तेच करते आहे.

मृगाच्या आदल्या दिवशी काम संपलं. संध्याकाळी मागच्या विहिरीचं पाणी आणून जोतं सारवलं, तीन दगडांची चूल मांडली आणि चहा केला. नायकबाबांना नातवांनी पाठीवर बसवून वर आणलं होतं. त्यांनी चारही खांबांना हात लावून पाहिला, देवघराच्या खांबाशी बसले, आणि उघड्या बाजूनं खाली जाणाऱ्या वाटेकडे पाहत राहिले. निघायच्या वेळी पोरं उरलेले कवेलू ट्रॅक्टरवर घालायला निघाली. दीडशे होते, सगळे वाजवून घेतलेले.

सुतारकाका म्हणाले, "राहू द्या थे. कामी येतीन."

"कोणाच्या, काका? पुढच्या जेठात आपणच येणार ना?" एका मुलानं विचारलं.

"आपन येऊ, नाई तर आनखी कोनी येईन," ते म्हणाले.

मुलांनी ते दीडशे कवेलू मागच्या भिंतीशी, पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात, उभे रचले. मग त्यातल्याच एकीनं, मी काही सांगितलेलं नसताना, चुलीतली राख बाहेर टाकली, रानात जाऊन लाकडांची एक मोळी आणली आणि कवेलूंशेजारी ठेवली. आम्ही चहापुरती जाळली होती त्याहून ती पुष्कळ मोठी होती.